कॅन्सरच्या पेशंटला उपचाराच्या निर्णयात सामील करून घ्यायचं तर ओपीडीच्या आधी काय तयारी करून घ्यावी? (सोलापूर)

रुग्णसाथी_अक्कलकोटरोड

नमस्कार मंडळी. सोलापूर शहर आणि आसपासच्या तालुक्यांतल्या कॅन्सर पेशंटसोबत जाणारे आम्ही काही स्वयंसेवक आहोत. विडी वळणाऱ्या बायका, यंत्रमागावरचे कामगार, मंगळवेढा-मोहोळकडचे शेतकरी असे बहुतेक पेशंट. तोंडाचा, स्तनाचा आणि गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर जास्त दिसतो. कुणी सिव्हिलला दाखवतं, कुणी बार्शीला, कुणी पुण्याला, तर कुणी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने दादरला उतरून परळला टाटात.

फाईल, तिकीट, डबा हे सगळं जमतं. अडतं ते निर्णयापाशी. डॉक्टर विचारतात, "काय करायचं मग?" पेशंट मुलाकडे बघतो, मुलगा डॉक्टरांकडे, आणि शेवटी "तुम्ही म्हणाल तसं साहेब" म्हणून सही होते. शंका निघतात घरी आल्यावर. तिसऱ्या केमोनंतर पेशंट यायचा थांबतो, तेव्हा कळतं की कशाला हो म्हटलं होतं तेच त्याला माहीत नव्हतं.

विचारायचं ते असं:
१. पाच-सात मिनिटांच्या ओपीडीत पेशंटला बोलतं कसं करायचं?
२. कोणत्या निर्णयात पेशंटच्या मताला खरंच जागा असते आणि कोणत्या नाही?
३. "आईला सांगू नका" असं घरचे म्हणाले तर?
४. दुसरं मत घ्यायला किती दिवस थांबलेलं चालतं, आणि बरोबर काय न्यायचं?
५. तेलुगू-कन्नड बोलणाऱ्या पेशंटचं काय?

नेमकं सांगा, म्हणजे नव्या स्वयंसेवकांना शिकवता येईल.

---

ऑन्को_सिस्टर

पहिला प्रश्न आधी घेते, बाकीचं त्यावर उभं आहे. ओपीडीत पाच-सात मिनिटंच मिळणार हे धरूनच चाला. तेवढ्या वेळात झालेला निर्णय सांगता येतो, तयार करता येत नाही. तयारी आदल्या संध्याकाळी घरी करायची. अर्धा-पाऊण तास, टीव्ही बंद, आणि पेशंट खोलीत हवाच.

वहीचं एक पान घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका, डॉक्टर दुसऱ्याचा मोबाईल हातात घेऊन वाचत नाहीत. कागद मात्र फाईलवर ठेवला की नजर जाते. वरच्या तीन-चार ओळींत आजार कुठे, कधीपासून, आतापर्यंत काय झालं, बीपी-शुगर आणि चालू गोळ्या. काढा, भस्म, वैदूचं औषध चालू असेल तर तेही न लपवता लिहायचं. ते लपवलं जातं, मग लिव्हरचे रिपोर्ट वाढतात, कारण सापडत नाही आणि केमो पुढे जातो.

त्याखाली पेशंटच्या तोंडचं एकच वाक्य: या उपचारात मला सगळ्यांत जास्त काळजी कशाची आहे. त्याच्याच शब्दांत, तुम्ही सुधारून लिहू नका. "भाकरी चावता आली पाहिजे." "मे महिन्यात लेकीचं लग्न आहे." "विडी वळायला बोटं चालली पाहिजेत." हे शेवटचं वाक्य घ्या. तेंदूचं पान कापणं, गुंडाळणं, दोरा बांधणं, सगळं बोटांच्या शेंड्यांवर चालतं. पॅक्लिटॅक्सेलसारख्या केमोच्या औषधाने बोटं बधिर होऊ शकतात. डॉक्टरांना हे काम माहीत झालं तर ते प्रत्येक सायकलला म्हणजे केमोच्या फेरीला मुंग्या येतात का हे विचारतील, गरज पडली तर औषध किंवा डोस बदलतील. काखेतल्या गाठी काढायच्या असतील तर हात सुजण्याबद्दल आधीच बोलतील. वाक्य पानावर नसेल तर यातलं काहीच होत नाही, कारण फाईलवर फक्त "गृहिणी" असं लिहिलेलं असतं.

मग प्रश्न, तीनच. दहा लिहिलेत तर एकाचंही उत्तर नीट मिळत नाही.

हा उपचार आजार मुळासकट जाण्यासाठी आहे, आटोक्यात ठेवण्यासाठी आहे, की त्रास कमी करण्यासाठी?
दुसरा कोणता मार्ग आहे का, आणि काहीच केलं नाही तर काय होईल?
माझ्यासारख्या शंभर जणांत किती जणांना फायदा होतो आणि किती जणांना कोणता त्रास होतो?

पहिला प्रश्न कधीच गाळू नका. "औषध चांगलं लागू पडतंय" हे ऐकून घरचे आजार बरा होतोय असं समजतात. डॉक्टरांना म्हणायचं असतं की गाठ लहान झाली आहे. "आपण प्रयत्न करू" हेही असंच फसवं.

आत गेल्यावर डॉक्टरांसमोरच्या खुर्चीत पेशंट बसला पाहिजे. ही गोष्ट छोटी वाटते, पण नातेवाईक पुढे बसले की सगळं बोलणं त्यांच्याशी होतं आणि पेशंट मागच्या स्टुलावर पिशवी धरून बसतो. सोबत एकच बोलणारा न्या, दुसऱ्याने फक्त लिहून घ्यायचं. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर आधी विचारा: "घरी परत ऐकायला रेकॉर्ड करू का?" विचारलं तर बरेच डॉक्टर हो म्हणतात. चोरून केलेलं कळलं तर मात्र त्या खोलीतलं मोकळं बोलणं कायमचं संपतं.

बाहेर आल्यावर "समजलं का?" असं विचारू नका. त्याला उत्तर "हो" हेच येतं. "घरी गेल्यावर जाऊबाई विचारतील, डॉक्टर काय म्हणाले, तर काय सांगाल?" असं विचारा. जिथे गाडी अडखळते तेवढाच भाग परत आत जाऊन किंवा सिस्टरकडून समजून घ्यायचा.

आणि शब्द तपासा. रिपोर्ट "पॉझिटिव्ह" म्हटलं की अनेकांना चांगलं वाटतं. स्टेज आणि ग्रेड एकच समजतात. स्टेज म्हणजे आजार कुठवर पोचलाय, ग्रेड म्हणजे पेशी किती आडदांड आहेत. ग्रेड तीन ऐकून तिसरी स्टेज समजून घाबरलेले पेशंट पुष्कळ असतात.

---

कॅन्सरसर्जन

सिस्टरांनी पानाबद्दल लिहिलं ते सगळ्या ओपीडींच्या भिंतीवर लावावं असं आहे. मी दुसरा आणि चौथा प्रश्न घेतो.

सगळेच निर्णय पेशंटपुढे ठेवायचे नसतात. जिथे एकच मार्ग दुसऱ्यापेक्षा स्पष्ट सरस आहे, तिथे "तुम्हाला काय वाटतं?" असं विचारणं म्हणजे आपली जबाबदारी त्याच्या डोक्यावर टाकणं. उदाहरणार्थ, गर्भाशयाच्या तोंडाच्या वाढलेल्या कॅन्सरमध्ये बाहेरून रेडिएशन (शेक), सोबत केमो, आणि नंतर आतला शेक म्हणजे ब्रॅकीथेरपी. हे सगळं मिळून आठ आठवड्यांच्या आत संपवावं लागतं. बाहेरचे शेक झाले, रक्त थांबलं, बरं वाटलं म्हणून बायका आतला शेक सोडतात. तो ऐच्छिक नाही. इथे पेशंटचा सहभाग म्हणजे कारण समजून घेणं, आणि यायचं कसं, मुक्काम कुठे हे ठरवणं.

जिथे खरंच दोन मार्ग उघडे असतात अशी चार ठिकाणं सांगतो.

*स्तन.* लवकरच्या टप्प्यात फक्त गाठ काढून रेडिएशन देणं आणि पूर्ण स्तन काढणं, दोन्हींत जगण्याची शक्यता सारखीच. अमेरिका आणि इटलीतल्या अभ्यासांचे २० वर्षांच्या पाठपुराव्याचे निकाल २००२ सालीच प्रसिद्ध झाले आहेत. तरीही "सगळं काढून टाका, झंझट नको" हे वाक्य रोज ऐकू येतं, आणि बहुतेक वेळा ते नवऱ्याचं किंवा मुलाचं असतं. त्यामागे तीन गैरसमज असतात. पूर्ण काढलं की केमो लागत नाही: चूक, केमो गाठीच्या स्वभावावर म्हणजे ईआर, पीआर, हर-टू या गाठीच्या पेशींवरच्या तपासण्यांवर आणि काखेतल्या गाठींपर्यंत आजार पसरलाय का यावर ठरतो. पूर्ण काढलं की शेक लागत नाही: हेही प्रत्येक वेळी खरं नाही; काखेतल्या चार किंवा जास्त गाठींत आजार असेल किंवा मूळ गाठ ५ सेंटिमीटरपेक्षा मोठी असेल तर लागतोच. आणि ठेवलं तर मरण लवकर येतं: तसं नाही. त्याच स्तनात परत येण्याची शक्यता थोडी जास्त असते आणि कडेला पेशी सापडल्या तर दुसरं छोटं ऑपरेशन लागू शकतं, एवढं खरं.

आता सोलापूरच्या बाईचा खरा प्रश्न. स्तन ठेवायचं तर रेडिएशन हवंच, आणि ते बहुतेक ठिकाणी आठवड्यातून पाच दिवस असं १५ वेळा, तीन आठवडे. जिथे मशीन आहे तिथे रोज जाणं किंवा राहणं जमणार का? काही केंद्रं निवडक पेशंटना पाच दिवसांत संपणारा कोर्स देतात, तेव्हा "पाच वेळांचा कोर्स मला चालेल का?" हे जरूर विचारा. कधीकधी गाठ मोठी असल्याने आधी केमो देऊन ती लहान करतात आणि मग स्तन वाचवतात. अशा वेळी केमो सुरू व्हायच्या आधी गाठीत धातूची बारीक क्लिप बसवली का हे विचारणं आवश्यक आहे. गाठ पूर्ण विरघळली तर नंतर कुठे कापायचं ते सापडत नाही. एकाहून जास्त भागांत गाठी असतील, गरोदरपण असेल किंवा छातीवर आधी रेडिएशन झालं असेल तर मात्र पूर्ण काढण्याकडेच कल असतो.

*स्वरयंत्र.* १९९१ साली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांतल्या अभ्यासात स्वरयंत्र काढणं आणि केमो-रेडिएशन यांची तुलना झाली. दोन वर्षांनी दोन्ही गटांत ६८ टक्के लोक हयात होते आणि केमो-रेडिएशनच्या गटात ६४ टक्के लोकांचं स्वरयंत्र शाबूत राहिलं. कूर्चा फोडून आजार बाहेर आला असेल तर हे गणित लागू नाही, तिथे ऑपरेशन बरं. बाजारात भाव करून पोट भरणाऱ्याला आवाजाचं मोल वेगळं असतं, शेतात एकट्याने काम करणाऱ्याला वेगळं. हे डॉक्टरला फाईलवरून कळत नाही.

*प्रोस्टेट.* पसरलेल्या आजारात अंडकोष काढण्याचं एकदाचं छोटं ऑपरेशन आणि दर एक-तीन महिन्यांनी घ्यायचं इंजेक्शन, दोन्हींचा हार्मोनवरचा परिणाम सारखाच. ऑपरेशन स्वस्त, पण परतीचं नाही. इंजेक्शन महाग, आणि चुकलं की परिणाम उतरतो. पुरुष लाजेपायी या विषयावर बोलत नाहीत आणि मुलगा परस्पर ठरवून टाकतो. हा प्रश्न वडिलांना एकट्याला विचारला पाहिजे.

*तोंड.* गालाच्या किंवा जिभेच्या कॅन्सरला आधी ऑपरेशन हाच सर्वसाधारण मार्ग, "आधी शेक देऊन बघू" हा बरोबरीचा पर्याय नाही. निवड असते ती पुढे: जबडा किती काढायचा, आणि भरून काढायला पायाचं हाड वापरायचं की छातीचं मांस. पायाच्या हाडाने चेहरा आणि चावणं चांगलं राहतं, पण ऑपरेशन आठ-दहा तासांचं आणि रक्तवाहिन्या जोडणारी टीम लागते. "जेवण कसं होईल, बोलणं कसं होईल, किती दिवस नळीने?" हे विचारायचंच. ऑपरेशननंतर शेक लागणार असेल तर तो साधारण सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावा लागतो. किडलेले दात त्याआधी काढून जखम भरायला दोन आठवडे हवेत, म्हणून दातांच्या डॉक्टरकडे लगेच पाठवा. दात राहिले म्हणून शेक लांबतो, किंवा शेकानंतर दात काढल्याने जबड्याचं हाड सडतं, या दोन्ही चुका टाळता येण्यासारख्या आहेत.

टक्केवारी कशी दाखवायची? ताटात १०० शेंगदाणे मोजून घ्या. काही सालासकट, काही सोललेले, म्हणजे लाल आणि पांढरे असे दोन रंग झाले. ज्वारीचे दाणे चालतील, पण वयस्कर माणसाला ते दिसत नाहीत. उदाहरण: तोंडाचा कॅन्सर लहान आहे आणि मानेत गाठ हाताला लागत नाही, तरी डॉक्टर मान साफ करायची म्हणजे मानेतल्या गाठी काढायच्या म्हणतात. टाटाच्या डॉक्टरांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मान पहिल्याच ऑपरेशनला साफ केलेल्या गटात तीन वर्षांनी ८० टक्के लोक हयात होते, गाठ आल्यावरच साफ करू म्हटलेल्या गटात ६७.५ टक्के. पहिल्या ताटात ८० लाल, २० पांढरे. दुसऱ्यात ६७-६८ लाल, बाकी पांढरे. दोन्ही ताटं शेजारी ठेवा आणि गप्प बसा. पेशंट स्वतः बोलायला लागतो. दाणे उचलून बाजूला टाकू नका, ते माणसं मोजून टाकल्यासारखं दिसतं. आणि हे आकडे त्या टप्प्याच्या पेशंटचेच आहेत. दुसऱ्या कुणासाठी आकडा डॉक्टरांकडूनच घ्यायचा, स्वयंसेवकाने स्वतः सांगायचा नाही.

वेळेबद्दल: बहुतेक गाठींच्या कॅन्सरमध्ये एक-दोन आठवडे विचार करायला, दुसरं मत घ्यायला मिळतात. थांबायचं नाही ते इथे: रक्ताचा तीव्र कॅन्सर, पाठदुखीसोबत पाय लुळे पडणं किंवा लघवी अडणं, श्वासाला घरघर, न थांबणारा रक्तस्राव, चेहरा-मान एकदम सुजणं. यात त्याच दिवशी हॉस्पिटल.

---

समाजसेवा_अधीक्षक

पैशाची बाजू कुणी घेतली नाही, म्हणून लिहितो. खर्च कळल्याशिवाय घेतलेला निर्णय दुसऱ्या सायकलला मोडतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे आणि पांढऱ्या रेशनकार्डवाल्यांनाही लाभ आहे. योजना कॅशलेस आहे. आधी खिशातून भरलेले पैसे मागाहून मिळत नाहीत. म्हणून कोणतीही अनामत भरण्याआधी आरोग्यमित्राच्या म्हणजे हॉस्पिटलमधल्या योजनेच्या मदतनिसाच्या टेबलाशी जायचं. बायोप्सीचा रिपोर्ट, रेशनकार्ड, आधार घेऊन जा. तिन्हींवर नाव सारखं आहे का ते घरीच बघा. एकावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं असलं की मंजुरी अडकते. विचारायचं असं: "डॉक्टरांनी सांगितलेला हा पूर्ण उपचार मंजुरीत बसतो का, की यातलं काही बाहेरून आणावं लागेल?" बाहेरचं असेल तर औषधाचं नाव आणि एका सायकलचा खर्च लिहून घ्या, आणि तो कागद घेऊनच डॉक्टरांना विचारा की याच्याशी बरोबरी करणारं पण योजनेत बसणारं काही आहे का. हा प्रश्न विचारायला पेशंट लाजतात. डॉक्टरांना तो अपमान वाटत नाही.

धर्मादाय हॉस्पिटलमध्ये १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, तो दाखल व्हायच्या आधी काढा.

रेल्वे: कॅन्सर पेशंटला उपचारासाठी स्लीपर आणि थर्ड एसीमध्ये भाड्यात पूर्ण सवलत, सोबतच्या एकाला याच वर्गांत ७५ टक्के. हॉस्पिटलकडून ठरावीक नमुन्यातला दाखला भरून घ्या आणि तिकीट काउंटरवरून काढा. परळचं बोलावणं आल्यावर दाखला शोधू नका, आधीच्या भेटीतच मागा.

दुसऱ्या मतासाठी काय न्यायचं: बायोप्सीचा रिपोर्ट, काचेच्या स्लाईड आणि मेणाचे ब्लॉक (यात बायोप्सीचा तुकडा बसवलेला असतो), सीटी-एमआरआयची सीडी (नुसती फिल्म पुरत नाही), ऑपरेशन झालं असेल तर ऑपरेशन नोट आणि डिस्चार्ज कार्ड. ब्लॉकवरचा नंबर रिपोर्टवरच्या नंबराशी लॅबच्या खिडकीपाशीच जुळवून घ्या. चुकीचा ब्लॉक मुंबईला पोचला तर आठवडा जातो. आणि सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये ब्लॉक स्कूटरच्या डिकीत किंवा गाडीच्या काचेपाशी ठेवू नका. मेण मऊ पडतं, आतला तुकडा खराब होतो, परत बायोप्सीची वेळ येते. कापसात गुंडाळून प्लास्टिकच्या डबीत, ती पाण्याच्या बाटलीपासून लांब, हातातल्या पिशवीत.

कागद द्यायला कुणी टाळाटाळ केली तर लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार मागणीनंतर ७२ तासांत नोंदी द्यायच्या असतात. रुग्ण हक्कांच्या सनदेत दुसरं मत घेण्याचा हक्क लिहिलेला आहे. पण भांडणाचा सूर नको. "सर, घरच्यांचं समाधान व्हावं म्हणून एकदा टाटाचं मत घेतो, उपचार इथेच करायचा विचार आहे" एवढं पुरतं. प्रवास झेपत नसेल तर नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेल्या 'नव्या' (Navya) नावाच्या ऑनलाईन सेवेतून कागद पाठवून तज्ज्ञांचं मत घेता येतं.

---

रुग्णसाथी_अक्कलकोटरोड

फार उपयोगी. शेंगदाण्यांची दोन ताटं आणि ब्लॉकचा नंबर आजच सगळ्यांना सांगतो. तिसरा आणि पाचवा प्रश्न राहिला. आणखी एक: पंढरपूर आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळे दर आषाढीला "वारी करून येतो मग केमो घेतो" म्हणणारे पेशंट असतात. घरचे रागावतात. अशा वेळी कुणाची बाजू घ्यायची?

---

पॅलिएटिव्ह_ओपीडी

"आईला सांगू नका" म्हणणाऱ्या मुलाशी वाद घालू नका. तो आईवर प्रेम करतो म्हणूनच म्हणतोय. त्याला बाजूला घेऊन विचारा, "सांगितलं तर काय होईल अशी भीती वाटते?" बहुतेक उत्तर येतं: खचेल, जेवण सोडेल. मग विचारा, "आईला आत्ता काय वाटत असेल? केस गेलेत, दर तीन आठवड्यांनी सलाईन लागतंय, वॉर्डात सगळ्या बायका तेच बोलतायत." तो गप्प होतो. मग परवानगी मागा: "मी स्वतःहून नाव घेणार नाही. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही."

नंतर आईपाशी बसून: "मावशी, आजाराबद्दल तुम्हाला काय सांगितलंय? तुम्हाला स्वतःला काय वाटतं?" आणि मग, "पुढचं सगळं तुम्हाला सांगावं की मुलाशी बोलावं?" "पोराशीच बोला" असं त्या म्हणाल्या तर तो त्यांचा निर्णय, तो पाळायचा. ठरवायचा अधिकार त्यांनी स्वतः दिला आणि तो त्यांना न विचारता घेतला, यात फरक आहे. कायदाही हेच सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने २००८ च्या समीरा कोहली खटल्यात स्पष्ट केलं की शुद्धीवर येऊ शकणाऱ्या सज्ञान बाईच्या जागी तिच्या आईची संमती चालत नाही, आणि तपासणीसाठी दिलेली संमती ऑपरेशनला लागू होत नाही. त्यामुळे संमतीपत्रावर सही पेशंटचीच, ऑपरेशन थिएटरच्या दारात घाईघाईने नाही तर आदल्या दिवशी, वाचून दाखवल्यावर. अंगठा असेल तरीही वाचून दाखवणं चुकवू नका.

आजार बरा होण्यापलीकडे गेला असेल तर निर्णय संपत नाहीत, उलट जास्त नाजूक होतात. तोंडाच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये शिरेतून सिसप्लॅटिन की घरी घ्यायच्या गोळ्या, हा असाच निर्णय. टाटातल्या २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मेथोट्रेक्सेट आणि सेलेकॉक्सिबच्या गोळ्या घेणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य (निम्मे लोक याहून जास्त जगले) ७.५ महिने होतं, सिसप्लॅटिनच्या गटाचं ६.१ महिने, आणि गंभीर त्रासही गोळ्यांत कमी. म्हणजे दर तीन आठवड्यांनी पुण्याला जाणं नको असेल तर "गोळ्यांवर भागेल का?" हा प्रश्न विचारण्याजोगा आहे.

फक्त एक धोका नीट समजून घ्या. यातलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकाच दिवशी घ्यायचं असतं. २.५ मिलिग्रॅमच्या गोळ्या असतील तर एका दिवशी आठ-नऊ गोळ्या होतात. घरच्यांना वाटतं चुकून जास्त लिहिल्यात, आणि ते रोज एकेक देतात किंवा आठवडाभर तेवढ्याच रोज देतात. रोज दिलं तर तोंड सोलतं, पांढऱ्या पेशी कोसळतात, जीव जाऊ शकतो. दिनदर्शिकेवर त्या वाराला लाल गोल करा, आणि त्या दिवसाच्या गोळ्या वेगळ्या पुडीत बांधून ठेवा. सेलेकॉक्सिब मात्र रोजचं असतं, त्यामुळे दोन्ही एकाच डबीत ठेवू नका.

वारीचा प्रश्न. बाजू पेशंटचीच घ्या, पण तारीख डॉक्टरांबरोबर बसून ठरवा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत खाली असतात. तेव्हा गर्दी नको, आणि ताप १००.४ फॅरेनहाइट झाला तर तासाभरात हॉस्पिटल. सायकल २१ दिवसांची असेल तर सतराव्या-अठराव्या दिवशी सीबीसी (रक्तातल्या पेशींची तपासणी) करून, पेशी वर आल्या असतील तर जाऊन येता येतं. एकादशीच्याच दिवशी पायांवर डोकं ठेवायचा हट्ट नसेल तर आधीच्या आठवड्यातलं मुखदर्शन सोपं पडतं. त्रास कमी करण्यासाठीचा केमो आठवडाभर पुढे नेणं सहसा जमतं. बरा करण्यासाठीचा केमो डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही पुढे नको. आणि शेक चालू असेल तर मध्ये खंड नाहीच. डोक्या-मानेच्या कॅन्सरमध्ये चुकलेल्या दर दिवसामागे आजार आटोक्यात राहण्याची शक्यता साधारण एका टक्क्याने घटते. म्हणून शेक सुरू व्हायच्या आधी विचारा, "आषाढी या तारखेला आहे, काय करू?" हे वाक्य सिस्टरांनी सांगितलेल्या पानावर असेल तर डॉक्टर वेळापत्रक त्याभोवती बसवू शकतात. शेक अर्ध्यावर आल्यावर विचारलं तर नाही बसवता येत.

---

पूर्वभाग_तेलुगू

पाचव्या प्रश्नाचं उत्तर. शाळेतल्या नातवाला दुभाषा करू नका. आजीच्या अंगावरच्या पांढऱ्या पाण्याबद्दल आजी त्याच्यासमोर बोलत नाही, आणि वाईट बातमी तो स्वतः गाळून टाकतो. शेजारचीच, त्याच वयाची, नात्यातली नसलेली बाई सगळ्यांत चांगली. तिला आधी सांगा: जेवढं बोललं तेवढंच सांगायचं, एकेका वाक्यानंतर थांबायचं, आपलं मत घालायचं नाही.

सगळ्यांत जास्त गडबड दुखण्याच्या शब्दांत होते. तेलुगूत नोप्पी म्हणजे दुखणं आणि मंटा म्हणजे आग. कन्नडमध्ये नोवु आणि उरि. दोन्हींचं मराठी "त्रास होतोय" असं केलं जातं. आग होणं बरेचदा नसेचं दुखणं असतं आणि त्याचं औषध वेगळं. म्हणून मूळ शब्दच पानावर देवनागरीत लिहा, कंसात अर्थ. तसंच "गड्डा" हा शब्द साध्या गाठीलाही वापरतात आणि कॅन्सरलाही. "गड्डा आहे, काढू" एवढं ऐकून पेशंटला साधी गाठ वाटते. तिथे कॅन्सर हाच शब्द वापरावा, तो सगळ्यांना कळतो.

---

ऑन्को_सिस्टर

पूर्वभाग ताई, मंटा आणि नोप्पीचं फार कामाचं सांगितलंत. रुग्णसाथी, पानावर अजून एक ओळ वाढवा, विशेषतः तरुण पेशंटसाठी: मूल हवं आहे का. केमोच्या आधी शुक्राणू जपून ठेवता येतात, स्त्रियांसाठीही काही मार्ग असतात. पहिलं सलाईन लागल्यावर विचारलं तर उशीर झालेला असतो. लग्न न झालेल्या मुला-मुलींना हा प्रश्न घरच्यांसमोर विचारू नका, बाहेर बाकावर एकटं असताना विचारा आणि उत्तर पानाच्या मागच्या बाजूला लिहा.

---

रुग्णसाथी_अक्कलकोटरोड

पान तयार करतोय. पुढे आजार, गोळ्या, पेशंटचं वाक्य, तीन प्रश्न, महत्त्वाच्या तारखा. मागे मूल हवं का, कुणाला किती सांगायचं, दुखण्याचा मूळ शब्द. अक्षर मोठं ठेवतोय. सर, मागचं खासगी लिहिलेलं पान नातेवाइकांच्या हातात पडू नये यासाठी काय करावं?

---

समाजसेवा_अधीक्षक

मागचा भाग वेगळ्या कागदावर घ्या, घडी घालून पेशंटच्या हातात द्या, फाईलमध्ये लावू नका. फाईल घरभर फिरते. आत गेल्यावर तो कागद पेशंटने स्वतः डॉक्टरांना द्यायचा, वाचून झाला की परत मागून घ्यायचा.